एक वाजताचा फोन

सिस्टर : हात सैल सोडा. मुठी आवळलेल्या माणसाचं बीपी कधी खरं येत नाही.

क्रेनवाला : सैलच आहे.

सिस्टर : हा सैल? मग ताठ कसला असतो तुमचा, लोखंडाचा? थांबा, बोलू नका. एकशे अठ्ठेचाळीस. मंगळवारी एवढं नव्हतं.

क्रेनवाला : जिना चढून आलो.

सिस्टर : जिना तेवीस पायऱ्यांचा आहे, मी रोज चढते. अहो, आठवड्यात हे तुमचं चौथ्यांदा येणं. लोक एकदा आत जातात, पंधरा मिनिटांनी लालबुंद होऊन बाहेर येतात, घटाघटा पाणी पितात, वहीत ‘डोळे उघडले’ असं काहीतरी लिहितात आणि चालू लागतात. पुन्हा कोणी फिरकत नाही. तुमचं काय चाललंय?

क्रेनवाला : परत यायला मनाई आहे का?

सिस्टर : मनाई नाही. पण तीस वर्षं वॉर्डात काढलीत मी. जो पेशंट उगाचच परत परत येतो, तो उगाच येत नसतो.

क्रेनवाला : मी पेशंट नाही.

सिस्टर : इथे बीपी तपासून घेतो तो प्रत्येक जण माझा पेशंट. त्या मुलीनं प्रदर्शनासाठी ही खोली बांधली, ती कलाकार आहे. चार वर्षांपूर्वीच्या उष्णतेच्या लाटेचे ते चार दिवस, वरच्या मजल्यावरची कोंदट खोली, पलंग, पंखा, भिंतीमागे हीटर. त्रेचाळीस डिग्री आणि वर दमट हवा. आकडे वाचून कोणाला काही कळत नाही, अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही, असं तिचं म्हणणं. खरंही असेल. खोली तिची. पण आत गेलेला माणूस धडधाकट बाहेर काढायचा, ते काम माझं.

क्रेनवाला : म्हणून तुम्ही बाहेरून विचारत राहता. माइकवर.

सिस्टर : दर दोन मिनिटांनी. बरं वाटतंय का, चक्कर येते का, आज तारीख काय. उत्तर द्यायला उशीर झाला की मी दार उघडते. ठरलेलं आहे.

क्रेनवाला : आज ते विचारू नका. आज मी लिहून आणलंय, ते विचारा.

सिस्टर : बघू. ‘ताई, जेवलीस का. पाणी आहे का. पंखा चालतोय का. बरं, ठेवतो, लोड हवेत आहे.’ हे काय आहे? कोणाचं बोलणं हे?

क्रेनवाला : माझं. फोनवरचं.

सिस्टर : आणि ताई कोण?

क्रेनवाला : माझी मोठी बहीण. चौथ्या मजल्यावर, गच्चीखाली, एकटी राहायची. त्या चार दिवसांत तीन फोन झाले आमचे. चौथ्या दिवशी तिनं उचलला नाही.

सिस्टर : बसा जरा. उभे राहू नका.

क्रेनवाला : मी क्रेन चालवतो. उंच इमारतींना लागते ती. केबिन चाळीस मीटर वर असते. जेवायला खाली उतरायचं म्हटलं तर अर्धी सुट्टी शिडीवरच जाते, म्हणून डबा वरच खायचा. एक वाजता डबा उघडायचा आणि ताईला फोन लावायचा. बावीस वर्षं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा एक वाजताच.

सिस्टर : त्या दिवसांत वर तुमचं काय झालं असेल? पत्र्याच्या डब्यात?

क्रेनवाला : केबिनला एसी आहे, सिस्टर.

सिस्टर : अच्छा.

क्रेनवाला : खाली सगळं शहर तापलेलं दिसायचं. छपरांवरची हवा थरथरायची. तिची गच्चीसुद्धा दिसते तिथून. पाण्याच्या टाकीशेजारची. मी वर बसून पुलाव खात होतो.

सिस्टर : ताई काय म्हणायची फोनवर?

क्रेनवाला : ठीक आहे म्हणायची. बेकरीत भट्टीपुढे तीस वर्षं उभी होती ती. ‘मला उकाडा शिकवतोस काय रे’, म्हणायची. माझाही विश्वास बसला. पण तिसऱ्या दिवशी जरा वेगळंच बोलली. मी लक्ष दिलं नाही.

सिस्टर : काय बोलली?

क्रेनवाला : ते आत सांगतो. तुम्ही माझं बोलायचं, मी तिचं. मला बघायचंय, किती गरम झालं की माणसाच्या तोंडून तसं येतं. तीनदा बसलो. डोकं अगदी साफ. पंधरा मिनिटं झाली की तुम्ही बाहेर काढता.

सिस्टर : म्हणजे डोकं बिघडेपर्यंत बसायचंय तुम्हाला. ते जमणार नाही. घरी जा.

क्रेनवाला : ज्यादा वेळ मागत नाही मी. फक्त बोलणं मागतोय. कोणाकडे जाऊन मागू? भाऊ नाही, बायको नाही. साइटवर पोरं आहेत, त्यांना काय सांगू, या, माझी बहीण व्हायचंय मला?

सिस्टर : दहा मिनिटं. एक सेकंद जास्त नाही. आणि मध्ये मध्ये मी माझेही प्रश्न विचारणार. हे पाणी प्या आधी. माझ्यासमोर.

क्रेनवाला : प्यायलो.

सिस्टर : घड्याळ काढून ठेवा, तापतं. चष्माही. जा आता.

(दार लागतं. पुढचं बोलणं माइकवरून.)

सिस्टर : ऐकू येतंय?

क्रेनवाला : येतंय.

सिस्टर : पलंगावर बसा, उभं राहायचं नाही. हं. पहिला दिवस. ताई, जेवलीस का?

क्रेनवाला : जेवले. तू?

सिस्टर : डबा उघडलाय आत्ताच. पाणी आहे का?

क्रेनवाला : सकाळी येऊन गेलं नळाला. दोन बादल्या भरून ठेवल्यात.

सिस्टर : पंखा चालतोय का?

क्रेनवाला : चालतोय मेला. गरम वारं अंगावर फेकतोय नुसतं. फुकटचा आवाज. बंद करून टाकते मघाशी.

सिस्टर : मघाशी?

क्रेनवाला : मघाशी केला. बंद केला, असं म्हणाली ती.

सिस्टर : तीन मिनिटं झाली. बरं वाटतंय?

क्रेनवाला : ठीक आहे. पुढचा दिवस घ्या.

सिस्टर : ताई, खाली जाऊन बस ना जरा. तळमजल्याला गार असेल.

क्रेनवाला : जाईन की. उतरायला काय लागतं? पण मग वर कोण चढवणार मला? तू येणार आहेस तुझ्या क्रेनचा आकडा घेऊन, पोत्यासारखी उचलायला?

सिस्टर : यावर तुम्ही हसलात, असं लिहिलंय इथे.

क्रेनवाला : दोघं हसलो. बराच वेळ. ती हसायला लागली की थांबायचीच नाही. भट्टीवाल्या सगळ्या पोरी तशाच.

सिस्टर : खिडकी उघडी आहे का?

क्रेनवाला : उघडली होती. उघडली की भट्टीचं दार उघडल्यासारखं होतं, म्हणून लावून घेतली. तू तुझं जेव. भात गार होईल.

सिस्टर : आता माझा प्रश्न. आजची तारीख सांगा.

क्रेनवाला : ते चिठ्ठीत नाही.

सिस्टर : माझ्या यादीत आहे.

क्रेनवाला : अठरा. नाही, एकोणीस.

सिस्टर : घाम येतोय का?

क्रेनवाला : येत होता.

सिस्टर : होता म्हणजे? कपाळाला हात लावून सांगा.

क्रेनवाला : ठीक आहे हो. तिसरा दिवस घ्या. तेवढ्यासाठी आलोय मी.

सिस्टर : सात मिनिटं झाली. तिसरा दिवस घेऊ आणि बाहेर या. ताई, जेवलीस का?

क्रेनवाला : पाव काढायचे राहिलेत.

सिस्टर : काय?

क्रेनवाला : पाव काढायचे राहिलेत भट्टीतून. करपतील. तू दप्तर ठेव आणि पळत जा, मालकाला सांग, एकही पोरगी आली नाही अजून.

सिस्टर : असं म्हणाली ती?

क्रेनवाला : जा की. उभा काय राहिलास?

सिस्टर : पुढे तुमचं वाक्य आहे इथे. ‘काय ताई, झोपेतून उठलीस वाटतं. बरं, ठेवतो, लोड हवेत आहे.’ ऐकलंत? मी म्हटलं ते वाक्य. झालं आता. या बाहेर.

क्रेनवाला : दप्तर ओलं आहे तुझं.

सिस्टर : हे लिहिलेलं नाही. हेही ती म्हणाली होती का?

क्रेनवाला : कुठे पडलास? सगळं ओलं आहे.

सिस्टर : अहो. मी सिस्टर बोलतेय. तुम्ही आत्ता कुठे आहात, सांगा.

क्रेनवाला : बेकरीत.

सिस्टर : नाटक बंद करा आता. कुठे आहात? अहो. माझ्याकडे बघा, कॅमेऱ्याकडे. अहो, ऐकताय का?

(दार धाडकन उघडतं.)

सिस्टर : खांद्यावर हात टाका. पाय उचला. उचला म्हणते ना, फरपटू नका, तुमचं वजन मला झेपणार नाही. बसा इथे, मान मागे. ए मुली! बर्फाची बादली आण, धावत ये!

कलाकार : काय झालं? हेच काका ना, परवाचे? ॲम्ब्युलन्स बोलावू?

सिस्टर : आधी रुमाल भिजव. मानेवर ठेव, काखेत ठेव. लाजू नकोस, शर्टाची बटणं काढ. पंखा इकडे वळव. थर्मामीटर कुठे गेला? हं. एकोणचाळीसला जरा कमी. काका, घोट घ्या. एकच घोट. मी कोण?

क्रेनवाला : सिस्टर.

सिस्टर : तारीख?

क्रेनवाला : वीस.

सिस्टर : बरोबर. आत एकोणीस म्हणालात, तेव्हाच थांबवायला हवं होतं मी. सकाळपासून काय खाल्लंत?

क्रेनवाला : काही नाही.

सिस्टर : आणि पाणी?

क्रेनवाला : तुम्ही दिलंत तेवढंच. साइटवरून इथपर्यंत चालत आलो. टोपी न घालता.

सिस्टर : वा. म्हणजे माझ्या डोळ्यात धूळ फेकून आत गेलात. मी बीपी बघत बसले आणि पठ्ठ्या उन्हातून भाजून आलेला. मला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं.

क्रेनवाला : सांगितलं असतं तर सोडलं नसतं तुम्ही.

सिस्टर : दाराला कुलूप लावलं असतं! पाय घाला बादलीत. मुली, नाडी उतरतेय. दहा मिनिटं बघते. नाही उतरली तर ॲम्ब्युलन्स.

कलाकार : मी ही खोली बंद करते. आजच. लोकांना समजावं म्हणून केली होती हो मी. दीड वर्ष त्याच चार दिवसांचे आकडे घेऊन बसलेय. कोणाला काही व्हावं म्हणून नाही केली.

क्रेनवाला : बंद करू नका. खोली बरोबर आहे.

कलाकार : काका, तुम्ही आत्ता बेशुद्ध पडला असतात.

क्रेनवाला : बरोबर आहे म्हणून तर. पलंग असाच. भिंतीला हात लावला की अशीच ऊब. एकच चुकलंय.

कलाकार : काय?

क्रेनवाला : पंधरा मिनिटांनी दार उघडतं.

कलाकार : ते मला बदलता येणार नाही.

क्रेनवाला : माहीत आहे.

सिस्टर : अजून एक घोट. हळू.

क्रेनवाला : सिस्टर, मी आत जे बोललो, दप्तर ओलं वगैरे, ते ताई नव्हती बोलली.

सिस्टर : मला तेच कळेना. चिठ्ठीत नव्हतं.

क्रेनवाला : मग मी कुठून आणलं?

सिस्टर : उष्म्यानं आणलं. तेच बघायला आला होतात ना?

क्रेनवाला : आता एक विचारतो. खरं सांगा. सगळे म्हणतात, तुझा काय दोष, तुला कसं कळणार. चार वर्षं हेच ऐकतोय. पाव काढायचे राहिलेत, असं निवृत्त झालेली बाई म्हणते, नऊ वर्षं झालेली निवृत्त होऊन. मला दप्तर ठेव म्हणते, चोपन्न वर्षांच्या माणसाला. त्यावरून कळायला हवं होतं का?

कलाकार : काका, असं नका हो...

सिस्टर : तू थांब. हो. कळण्यासारखं होतं. उष्म्यात माणूस भलतंच बोलू लागला की ती धोक्याची शेवटची घंटा. त्यानंतर तास-दोन तास असतात हातात. गार पाण्यात बसवायचं, दवाखान्यात न्यायचं.

क्रेनवाला : हं.

सिस्टर : तुम्ही खरं विचारलंत म्हणून सांगितलं. आता उरलेलंही ऐका, अर्धवट खरं घेऊन जाऊ नका. त्या चार दिवसांत मी ड्युटीवर होते. खाटा संपल्या, जमिनीवर गाद्या टाकल्या. आणणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, सकाळी काहीतरी बरळत होती, आम्हाला वाटलं वय झालं. आम्हाला वाटलं स्वप्नात आहे. आम्हाला वाटलं चेष्टा करतेय. एकानंही वेळेवर आणलं नव्हतं. एकानंही. सगळे काही वाईट नव्हते.

क्रेनवाला : ते त्या घरात तरी होते. मी वर होतो.

सिस्टर : आणि आज? आज मी कुठे होते? दारापलीकडे. समोर कॅमेरा, हातात घड्याळ, अंगात तीस वर्षांची नोकरी. तुम्ही दप्तर ओलं आहे म्हणालात आणि मी विचार करत बसले, हा माणूस नाटक करतोय की खरंच गेलाय. अर्धं मिनिट. मला ठाऊक होतं काय बघायचं ते, तरी अर्धं मिनिट. तुम्हाला तर ठाऊकच नव्हतं, आणि कानाला नुसता फोन.

क्रेनवाला : लोड खरंच हवेत होता, सिस्टर, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतही काम चालू होतं. सिग्नलवाला वॉकीटॉकीवर ओरडत होता. चार टन सळया. खाली माणसं.

सिस्टर : खाली ठेवून निघाला असतात तर?

क्रेनवाला : ठेवायला सात मिनिटं. शिडी उतरायला अठरा. मग बस. एक तास पंचवीस मिनिटांत तिच्या दारात.

सिस्टर : मोजून ठेवलंय.

क्रेनवाला : रोज मोजतो. पण ते नाही लागत मनाला. शेजाऱ्याला फोन केला असता तर दोन मिनिटं. भिंतीला भिंत लागून खोली. शेजारी त्या दिवशी घरातच होता, नंतर त्यानंच सांगितलं. माझ्याकडे त्याचा नंबर नव्हता. बावीस वर्षं रोज फोन केला, पण शेजाऱ्याचा नंबर घे, हे कधी सुचलं नाही.

कलाकार : काका, एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल.

क्रेनवाला : विचारा.

कलाकार : माझ्या खोलीत आवाज नाहीत कोणाचे. मुद्दाम ठेवले नाहीत, कारण कोणाचं दुःख उचलून आणायची भीती वाटायची. पण आत्ता मी दारात उभी राहून ऐकत होते. हे फोनवरचं बोलणं आत ऐकू आलं, तर लोकांना कळेल काय ऐकायचं असतं ते. द्याल का मला?

सिस्टर : आत्ताच विचारायचं होतं का गं? शुद्धीवर येऊन घटका झाली नाही.

क्रेनवाला : राहू दे, सिस्टर. ताईचं बोलणं नाही देणार. पाव, दप्तर, ते तिचं आहे. लोकांनी ते ऐकून तिची कीव करायची, नाही आवडणार तिला.

कलाकार : बरोबर आहे. सॉरी.

क्रेनवाला : माझं घ्या.

कलाकार : तुमचं?

क्रेनवाला : ‘काय ताई, झोपेतून उठलीस वाटतं. बरं, ठेवतो, लोड हवेत आहे.’ एवढंच. मी म्हणतो माझ्या आवाजात. घ्या लिहून किंवा काय रेकॉर्ड करता ते करा.

कलाकार : लोक तुम्हाला नावं ठेवतील.

क्रेनवाला : ठेवू देत. आत बसलेल्याला कळू दे, फोन ठेवणारा कसा बोलतो. रागानं नाही बोलत. मी हसत होतो तेव्हा.

कलाकार : मशीन आणते. आज नको असेल तर उद्या.

क्रेनवाला : आजच. उद्या माझी पाळी आहे.

सिस्टर : पंधरा मिनिटांनी आण. आधी माझं काम होऊ दे. आणि दारावर पाटी लाव, आज बंद. उद्यापासून आत सोडण्याआधी मी प्रत्येकाला विचारणार, काय खाल्लं, काय प्यायलं, कसे आलात. रांग लागली तर लागू दे.

कलाकार : लावते.

सिस्टर : गेली. रडणार आता कोपऱ्यात जाऊन. चांगली आहे पोरगी. हात द्या, नाडी बघू. आता हात सैल आहे बघा, याला म्हणतात सैल.

क्रेनवाला : निघू का मग रेकॉर्डिंग झालं की?

सिस्टर : तासभर हलायचं नाही. ऊन उतरू दे. घरी न्यायला येईल कोणी?

क्रेनवाला : नाही.

सिस्टर : घरी गेल्यावर बघायला?

क्रेनवाला : नाही.

सिस्टर : शेजारी?

क्रेनवाला : समोरच्या दारात एक जण आहे. वर्ष झालं येऊन. नाव माहीत नाही.

सिस्टर : आज विचारा.

क्रेनवाला : काय म्हणून विचारू? वर्षभर शेजारी राहून नाव विचारायचं म्हणजे...

सिस्टर : लाज वाटते, माहीत आहे. मलाही वाटते. माझ्या वरच्या मजल्यावर कोण राहतं, ते मला पावलांवरून माहीत आहे, तोंड बघितलेलं नाही. निवृत्त झाले आणि कोणी सिस्टर म्हणायचं बंद झालं, म्हणून हे काम धरलं. दिवसभर लोकांना विचारते, बरं वाटतंय का. मला विचारलं कोणी, तर काय सांगायचं तेही विसरले असेन. बिस्किट खा. खारं आहे, बरं पडेल.

क्रेनवाला : ताईला पोहता यायचं.

सिस्टर : हो?

क्रेनवाला : एकदम आठवलं. पाण्यात पाय आहेत म्हणून असेल. चार वर्षांत तिच्याबद्दल कोणी दुसरं काही विचारलं नाही. सगळे ते चार दिवसच विचारतात. मीही तेच सांगतो. ती पुलावरून उडी मारायची नदीत, परकर खोचून. काठावरच्या बायका तोंडाला पदर लावून बघत राहायच्या.

सिस्टर : तुम्हाला शिकवलं की नाही?

क्रेनवाला : नाही जमलं मला. मला पाठीवर घेऊन पलीकडे जायची. पलीकडे जांभळं होती. मी सात-आठ वर्षांचा. गळ्याला मिठी मारून डोळे गच्च मिटून घ्यायचो. ती मध्यावर गेली की ओरडायची, अरे उघड, बघ तर, किती पाणी आहे.

सिस्टर : आणि उघडायचात?

क्रेनवाला : कधीच नाही. पायाला वाळू लागेपर्यंत नाही.